बैठक क्रमांक प्रश्नपत्रिकेत छापत नाहीत!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि डोळा बरा झाल्या झाल्या शाळेच्या संगणक खोलीत अडकले. आजचा लेख त्या खोलीबद्दलच आहे आणि जरा भांडणाचा आहे. भांडण माझ्या भाच्याशी. तो हिंजवडीला असतो, शेकडो संगणक सांभाळतो. गेल्या रविवारी फोनवर मला म्हणाला, "मावशी, तू अजून आयपी पत्त्यांची वही लिहीत बसलीयेस? अगं, हल्ली ते सगळं आपोआप होतं."

या 'आपोआप' शब्दाचा मला मनस्वी राग आहे. तेहतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, पण आपोआप झालेलं काही पाहिलं नाही. फळा आपोआप पुसला जातो असं मुलांना वाटायचं. तो पुसणारा शिपाई सकाळी साडेसहाला यायचा.

फोनवर मला उत्तर पटकन सुचत नाही, म्हणून इथे लिहिते. तो हे वाचतो हे मला ठाऊक आहे. त्याची आईही वाचते!

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं नमन. जाळ्यात जोडलेल्या प्रत्येक संगणकाला एक पत्ता लागतो, १९२.१६८.१.१० असा चार आकड्यांचा. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवायचे, असं १९९६ च्या फेब्रुवारीत आरएफसी १९१८ नावाच्या कागदाने ठरलं. त्यामुळे तुमच्या घरच्या राउटरमध्येही बहुधा हेच आकडे दिसतील. एकाच जाळ्यात दोघांचा पत्ता एक असून चालत नाही. हा पत्ता यंत्राला दोन प्रकारे मिळतो. एक तर माणूस तो कायमचा लिहून देतो, नाहीतर यंत्र सुरू झाल्यावर "मला पत्ता द्या हो" अशी हाक मारतं आणि राउटरसारखं दुसरं एखादं यंत्र त्याला मुदतीवर पत्ता देतं. या दुसऱ्या पद्धतीचं नाव डीएचसीपी. मुदत संपली, मधल्या काळात राउटरची आठवण पुसली गेली, की पुढच्या वेळी वेगळा पत्ता पदरात पडू शकतो. भाड्याच्या खोलीसारखंच.

आता गोष्ट ऐका. आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने बावीस जुने संगणक दिले, आणि मुलांचं काम साठवायला एक सर्व्हर. बसवून द्यायला एक गृहस्थ आले. त्यांनी डेबियन लिनक्स एका दुपारी सगळ्या यंत्रांवर चढवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचे पत्ते राउटरकडून, सर्व्हरचासुद्धा. त्या दिवशी सर्व्हरला जो पत्ता मिळाला होता, १९२.१६८.१.१०५, तो त्यांनी बावीस यंत्रांवरच्या 'माझं काम' या चित्रामागे लिहून टाकला आणि चहा पिऊन गेले.

वर्ष बरं गेलं. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली, खोलीचा मेन स्विच बंद केला. जूनमध्ये शाळा उघडली, मुलांनी यंत्रं हव्या त्या क्रमाने चालू केली, आणि १०५ हा पत्ता खिडकीजवळच्या एका यंत्राला मिळाला. सर्व्हर गेला ११३ वर. 'माझं काम' उघडेना.

नववीतली एक मुलगी होती. वाडीवरून एसटीने यायची आणि शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर तिला संगणक मिळायचा. गावातल्या जुन्या बारवेबद्दल आजीकडून ऐकलेलं तिने आठ-नऊ पानं टंकून ठेवलं होतं. तिला कुणीतरी सांगितलं, "सर्व्हर गेला, सगळं पुसलं." ती रडली नाही. वही काढून तिने पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला घेतलं. दरम्यान आजी वारली होती, त्यामुळे विसरलेलं पुन्हा विचारायची सोय नव्हती. पंधरा दिवसांनी मला हे कळलं. तिचं काम सर्व्हरवर जसंच्या तसं होतं. हरवला होता फक्त पत्ता.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले आहे. (निवृत्तीआधी एमएस-सीआयटी केली होती, तेवढीच माझी संगणकाची पदवी. बाकी बी.ए., तेही मराठी माध्यमातून.) जोडीला माझा एक जुना विद्यार्थी, जो आता त्याच शाळेत शिकवतो. मी त्याला सर म्हणते, तो मला बाई.

आधी आम्ही दुसऱ्या एका जाणकाराला बोलावलं. ते पहिल्यांच्या अगदी उलट. "डीएचसीपी म्हणजे भिकेचा कटोरा," असं म्हणत त्यांनी प्रत्येक यंत्रापुढे बसून पत्ता हाताने लिहिला. पत्ता, नेटमास्क, गेटवे आणि नावं शोधून देणारा सर्व्हर, म्हणजे एका यंत्राचे चार आकडे, बावीस यंत्रांचे अठ्ठ्याऐंशी. कागद? कागद नाही. "डोक्यात आहे सगळं," म्हणाले. शिवाय राउटर ज्या आकड्यांतून पाहुण्यांना पत्ते वाटत होता, त्याच आकड्यांतले पत्ते त्यांनी यंत्रांना दिले. आठवडाभरात मुख्याध्यापकांच्या फोनला आणि तिसऱ्या बाकावरच्या यंत्राला एकच पत्ता मिळाला, आणि दोघांचंही जाळं गटांगळ्या खाऊ लागलं. त्या गृहस्थांचं डोकं तोपर्यंत दुसऱ्या गावी गेलं होतं.

मग ठरवलं, आता आपणच करायचं. यंत्रणा चढवण्याचं काम आपोआपच व्हावं, पण पत्ता ठरलेला असावा. इथेच मला सगळ्या प्रकरणातली खरी मेख कळली.

आपोआप चढवणं म्हणजे काय? इन्स्टॉलर एकामागून एक प्रश्न विचारतो. भाषा कुठली (मराठीसुद्धा आहे हो!), घड्याळ कुठलं, डिस्कचे भाग कसे करू, पासवर्ड काय. ती उत्तरं आधीच एका फाईलीत लिहून ठेवायची. डेबियनमध्ये याला प्रीसीड म्हणतात, रेड हॅटच्या घराण्यात किकस्टार्ट, आणि उबुंटू सर्व्हरने २०२० च्या २०.०४ आवृत्तीपासून ऑटोइन्स्टॉल नावाची वेगळी तऱ्हा घेतली. नावं तीन, कल्पना एकच.

आम्ही पेनड्राइव्हवर ही फाईल ठेवली आणि तिच्यात पत्ताही लिहिला, १९२.१६८.१.१०१. पहिलं यंत्र झकास झालं. दुसरं झालं, तिसरं झालं, आणि खोली ठप्प. कारण उघड आहे, पण आम्हाला संध्याकाळपर्यंत दिसलं नाही. फाईल एक, म्हणून पत्ताही एक! वर्गात बावीस मुलं आणि सगळ्यांचा हजेरी क्रमांक पहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी ती फाईल सर्व्हरवर ठेवली, म्हणजे यंत्रं ती जाळ्यातून उचलतील. आता पत्त्याच्या ओळींचा काही उपयोगच होईना. यंत्रं सरळ डीएचसीपीने पत्ता घेऊन मोकळी झाली. मग डेबियनचं मार्गदर्शक पुस्तक उघडलं (आधी उघडायला हवं होतं, चूक आमची) तर त्यात स्वच्छ लिहिलेलं. उत्तरांची फाईल जाळ्यातून आणायची असेल, तर जाळ्याची उत्तरं त्या फाईलीत चालत नाहीत. कसं चालेल? फाईलीपर्यंत पोचायला पत्ता हवा, आणि पत्ता लिहिलाय फाईलीत. तिजोरीची किल्ली तिजोरीतच.

मंडळी, हे वाचलं आणि मला मार्च महिन्यातली परीक्षेची खोली डोळ्यांपुढे दिसली. बोर्डाची प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच असते. बैठक क्रमांक प्रत्येकाचा वेगळा असतो. तो प्रश्नपत्रिकेत छापत नाहीत, कारण एकच छापील कागद सगळ्यांना जातो, आणि कारण तो कागद हातात पडण्याआधी मुलाने आपल्या बाकावर जाऊन बसलेलं असायला हवं. क्रमांक येतो हॉलतिकिटावर, आणि हॉलतिकीट येतं एका यादीवरून, जी कुणीतरी डोळ्यांत तेल घालून केलेली असते.

जे सर्वांना समान ते फाईलीत आणि जे प्रत्येकाचं वेगळं ते यादीत, एवढं एकदा मान्य केलं की बाकीचं कसं करायचं हे पुस्तकात सापडतं. ते मान्य न करता पुढे जाणारे दोन पंथ आहेत, आणि माझा राग दोन्हींवर आहे.

पहिला पंथ 'नंतर बघू'वाल्यांचा. आत्ता डीएचसीपीने चढवून घेऊ, पत्ते नंतर पक्के करू. इन्स्टॉलर चढवताना जी पद्धत वापरतो, तीच पुढच्या आयुष्यासाठी यंत्रात लिहून ठेवतो. ती बदलायची तर पुन्हा प्रत्येक यंत्रापाशी जा, पुन्हा अठ्ठ्याऐंशी आकडे. म्हणजे वाचवलेले कष्ट व्याजासकट फेडायचे. आणि हे 'नंतर' येत नाही. सुट्टीनंतरचा जून मात्र येतो.

दुसरा पंथ सोवळ्यातला. डीएचसीपीचा विटाळ नको, पत्ता यंत्रातच कोरलेला हवा. यांना मी नम्रपणे विचारते, तुम्ही पेनड्राइव्ह न लावता जाळ्यावरून यंत्र सुरू करून त्यावर यंत्रणा चढवता ना? ती पीएक्सई नावाची सोय इंटेलची, तिचा २.१ हा आराखडा १९९९ चा. त्यात यंत्र सगळ्यात आधी काय करतं? डीएचसीपीने पत्ता मागतं! सोवळं नेसलात, पण पाणी कुणाच्या विहिरीचं?

मुळात 'कायमचा पत्ता की डीएचसीपी' हे भांडणच खोटं आहे. डीएचसीपीचा प्रमाण कागद, आरएफसी २१३१, राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेला, मार्च १९९७ चा. त्यात पत्ते देण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक, यंत्राने दिलेला कायमचा. दोन, मुदतीचा. आणि तीन, माणसाने ठरवलेला पत्ता, जो डीएचसीपी फक्त पोचवतं. तिसरा प्रकार पहिल्यापासून तिथे आहे. ठरवणार माणूस, पोचवणार यंत्र. पोस्टमन पत्र पोचवतो, म्हणून मजकूर त्याने लिहिला असं आपण म्हणतो का?

आता आम्ही काय केलं ते सांगते, म्हणजे नुसती टीका केली असं व्हायला नको.

एक दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक संगणकाच्या जाळ्याच्या कार्डावर कारखान्यातूनच एक खूण येते, तिला मॅक पत्ता म्हणतात. बारा चिन्हांची, त्यातली पहिली सहा बहुधा बनवणाऱ्याची ओळख सांगतात. ती आमच्या मुलांची जन्मखूण. वहीत चार रकाने आखले : बाक क्रमांक, मॅक पत्ता, यंत्राचं नाव, आयपी पत्ता. राउटरला १, सर्व्हरला २, छपाईयंत्राला ३. मुलांच्या यंत्रांना १०१ ते १२२, सातव्या बाकाला १०७, चौदाव्याला ११४. पाहुण्यांच्या फोनांना १५० ते १९९, आणि ही हद्द बाकीच्यांना कुठेही शिवत नाही. हे ठरवायला एक तास लागला. दोन वर्षांत या तासाइतकं उपयोगी काम त्या खोलीत झालं नाही.

मग सर्व्हरवर यंत्रणा नव्याने चढवली (मुलांचं काम आधी उतरवून घेतलं, हे सांगायला नकोच). त्याचा पत्ता मात्र इन्स्टॉलरमध्येच हाताने आणि कायमचा दिला, कारण जो इतरांना पत्ते वाटणार त्याने स्वतःचा पत्ता दुसऱ्याकडे मागून कसं चालेल? त्यावर डीएनएसमास्क नावाचा छोटा कार्यक्रम बसवला. त्यात प्रत्येक यंत्रासाठी एक ओळ : ही खूण, हे नाव, हा पत्ता. राउटरमधलं डीएचसीपी बंद केलं, कारण एका वर्गात दोन हजेऱ्या घेणारे नकोत. उत्तरांची फाईल सर्वांना एकच, तिच्यात पत्त्याचं अवाक्षर नाही. बावीस यंत्रं जाळ्यावरून सुरू केली आणि प्रत्येक यंत्र आपापला क्रमांक घेऊन उठलं.

ज्यांना पत्ता यंत्रातच कोरायचा आहे त्यांचीही सोय आहे. पीएक्सलिनक्स यंत्र सुरू करताना आधी त्या यंत्राच्या खुणेच्या नावाची फाईल शोधतो आणि ती नसली तर शेवटी सर्वांसाठीची उचलतो. त्या वेगळ्या फाईलीत, सुरुवातीच्या आज्ञेतच, पत्ता, नेटमास्क, गेटवे लिहिता येतं. ते उत्तरांच्या फाईलीच्या आधी वाचलं जातं, म्हणून लागू पडतं. पुस्तकात आणखी एक तोडगा आहे : उत्तरांची फाईल हाती आली की चालू डीएचसीपी थांबवायचं आणि जाळ्याचे प्रश्न इन्स्टॉलरला पुन्हा विचारायला लावायचे. चालतं ते, पण मला ते पेपर वाटून झाल्यावर मुलाला "ऊठ, तुझा बाक तो" म्हणण्यासारखं वाटतं. आणि कुठलाही मार्ग घ्या, प्रत्येक यंत्राचा आकडा कुठून तरी यायचाच. वहीतूनच येणार ना?

आता भाच्याचे मुद्दे. "मावशी, दोनशे यंत्रं असतील तर वही कशी पुरेल?" अरे, वही म्हणजे कागदच असं कोण म्हणालं? तक्ता संगणकावर कर आणि त्यातून त्या ओळी कार्यक्रमाकडून लिहून घे. मी तेच सांगते आहे. यादी एका जागी असावी, माणसाला वाचता यावी, आणि तिच्यात बदल कुणी केव्हा केला ते कळावं.

"पण मग पत्तेही फाईलीतच का नकोत?" कारण फाईलीची भाषा बदलते. डेबियनच्या याच फाईलीत पूर्वी 'डिसेबल डीएचसीपी' लिहीत, पुढे ते 'डिसेबल ऑटोकॉन्फिग' झालं. उबुंटूने तर ऑटोइन्स्टॉल आणताना सगळी मांडणीच नवी केली. नेटमास्क कुठे २५५.२५५.२५५.० असा लिहितात, कुठे नुसतं तिरपी रेघ आणि २४. जाळ्याच्या कार्डाला पूर्वी ईटीएच-शून्य म्हणत, २०१३ पासून सिस्टिमडीने लांबलचक नावं आणली आणि जुन्या फाईलींतला तो शब्द कितीतरी यंत्रांवर निरर्थक झाला. फाईल दर चार वर्षांनी नव्याने लिहावी लागेल. बाक क्रमांक सात म्हणजे १०७, हे नव्याने लिहावं लागणार नाही.

"आणि आमच्या क्लाउडमध्ये कोण पत्ते बघतं?" तू बघत नाहीस रे, पण यादी आहेच. यंत्र जन्मतं तेव्हा क्लाउड-इनिट नावाचा कार्यक्रम त्याला त्याच्या जाळ्याची माहिती कुठल्यातरी नोंदीतूनच वाचून देतो. ती नोंद दुसरं कुणीतरी सांभाळतं आणि तुला दिसत नाही. त्यालाच तू आपोआप म्हणतोस. शिपाई साडेसहालाच येऊन गेलेला असतो.

एक मुद्दा मात्र त्याचा मान्य करते. वही खोटी पडू शकते. दिवाळीनंतर चौदाव्या बाकाचा मदरबोर्ड बदलला, त्याबरोबर कार्डाची खूणही बदलली, आणि वहीत कुणी लिहिलं नाही. त्या यंत्राला पाहुण्यांच्या हद्दीतला १५० मिळाला. पण गंमत पाहा, सातवीतल्या एका मुलाने पाच मिनिटांत ते पकडलं. "बाई, चौदाव्या बाकाला एकशेचौदा पाहिजे ना?" वही असली की चूक दिसते. नसली की "सर्व्हर गेला, सगळं पुसलं" असं पोरीला सांगितलं जातं, आणि ते खरं की खोटं हे तपासायला कुणाकडे काही नसतं.

म्हणून माझं मागणं एवढंच. कुणीही, कुठल्याही शाळेत, वाचनालयात, ग्रामपंचायतीत संगणक बसवून देत असेल, तर पहिलं यंत्र खोक्यातून काढण्याआधी त्याच्याकडे पत्त्यांची यादी मागा. ती भिंतीवर लावायला लावा. यादी नसेल तर चहा देऊ नका.

असो. भाचेराव, उत्तर खाली प्रतिसादात लिहा, फोन नको. बाकीच्यांनीही आपापल्या शाळांतले अनुभव जरूर कळवावेत.

ता. क. : भिंतीवरची यादी बारवेवर लिहिणाऱ्या त्या मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहून दिली आहे. ती आता दहावीत आहे. जुनी पानं आणि वहीतली नवी पानं तिने एकत्र केली. दोन्ही वेळा आजीची एक गोष्ट वेगवेगळी आली आहे, आणि कुठली खरी ते तिने वाचणाऱ्यावर सोडलं आहे.